बाळ किती महिन्यांचं? अंगावर पाजतेस का?

(महिला आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



आज ज्या बाईबद्दल बोलायचं आहे, ती आपल्या शिबिराला सहसा येत नाही. तिच्या मांडीवर तान्हं मूल असतं. तिला सल्ला द्यायला मात्र सगळं घर तयार असतं. डिंकाचे लाडू खा, कानाला बांध, गार पाण्यात हात घालू नकोस. पण इतक्यात पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून काय करायचं, हे तिला कोण सांगतं?

आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुतेक माहेरी होतं. तिथली आशाताई बाळाचं वजन करते, डोसाची आठवण देते. नवरा जवळ नाही, मग पाळणा लांबवण्याचा विषय कशाला काढायचा, असं तिला वाटतं. दोन-तीन महिन्यांनी बाई सासरी जाते. सासरच्या आशाताईला वाटतं, माहेरी सांगितलंच असेल. या दोन गावांच्या मधे ती बाई एकटी पडते. एक मूल अंगावर पीत असताना दुसरं पोटात, अशा कितीतरी जणी मी माझ्या कामात पाहिल्या आहेत. एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी निदान २४ महिने जावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंगातलं रक्त भरून यायला वेळ लागतो.

दुधाचा भरवसा कुठवर?

“मी अंगावर पाजते, मला काय होतंय!” हे आपण नेहमी ऐकतो. ही नुसती समजूत नाही, तिच्यात तथ्य आहे. पण त्याला तीन अटी आहेत आणि तिन्ही एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत. पहिली, बाळंतपणानंतर पाळी आलेली नसावी. दुसरी, बाळ फक्त अंगावर पीत असावं, दिवसा आणि रात्रीही. दिवसा चार तासांपेक्षा आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड नको. तिसरी, बाळ सहा महिन्यांच्या आतलं असावं. या अटी नीट पाळल्या तर १०० पैकी ९८ जणींना दिवस राहत नाहीत.

आता आपल्या घरांत काय चालतं ते आठवा. बाळाला गुटी, मध, वरचं पाणी देतात. आई रोजंदारीला किंवा ऊसतोडीला जाते आणि बाळ दिवसभर आजीजवळ राहतं. म्हणजे दुसरी अट गेली. उष्टावण झालं की भरवसा संपला, एवढं साधं सूत्र बायकांना सांगा. आणि आणखी एक सांगा. पाळी येण्याच्या आधी बीज सुटतं. म्हणून “पाळी आली की बघू” म्हणणाऱ्या बाईला कधीकधी पाळी न येताच दिवस गेलेले असतात.

गोळी गोळीत फरक आहे

गोळी म्हटलं की आपल्याला माला-एन, माला-डी आठवते. या गोळीत दोन हार्मोन असतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन. पाजणाऱ्या बाईला अडचण आहे ती इस्ट्रोजेनची. त्यामुळे दूध कमी होऊ शकतं. शिवाय बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका आधीच जास्त असतो, इस्ट्रोजेनने तो आणखी वाढतो. म्हणून अंगावर पाजणाऱ्या बाईने पहिले सहा आठवडे ही गोळी मुळीच घ्यायची नाही. सहा आठवडे ते सहा महिने एरवी देऊ नये. सहा महिन्यांनंतर, रक्तदाब, काविळीसारखा यकृताचा आजार, अर्धशिशी असं काही नाही ना हे तपासून, ती घेता येते.

दुसरी आहे फक्त प्रोजेस्टिनची गोळी. डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅम या नावाने ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मेडिकलमध्ये मिळते. हिच्यात इस्ट्रोजेन नाही. दूध कमी होत नाही. प्रोजेस्टिनचा अगदी थोडा अंश दुधात उतरतो, पण त्याने बाळाच्या वाढीवर परिणाम झालेला अभ्यासांत दिसलेला नाही. पाजणाऱ्या बाईला हीच गोळी जास्त योग्य.

तिसरी छाया, म्हणजे सेंटक्रोमॅन. ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधली गेली आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ती हार्मोनची गोळी नाही आणि पाजणाऱ्या बाईला चालते. पण नुकतीच कावीळ झालेली, क्षयरोग किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेली बाई असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय छाया नको.

हार्मोन नकोच असतील तर निरोध आहे आणि तांबी आहे. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांत किंवा मग सहा आठवड्यांनी बसवतात. गुप्तरोग आणि एचआयव्हीपासून वाचवतो तो फक्त निरोध, हेही सांगायला विसरू नका.

खाडा पडला तर

गोळी निवडली म्हणजे काम झालं असं नाही. तान्ह्या बाळाच्या आईची झोप होत नाही, जेवायची वेळ ठरलेली नसते. गोळीचा खाडा तिच्याकडून पडणारच. त्यावर तिला रागावू नका, काय करायचं ते सांगा.

डेसोजेस्ट्रेलची गोळी रोज एकाच वेळी घ्यायची. २८ गोळ्यांचं पाकीट संपलं की दुसऱ्या दिवशी नवं पाकीट, मधे सुट्टी नाही. ठरल्या वेळेपेक्षा १२ तासांहून जास्त उशीर झाला तर आठवेल तेव्हा लगेच गोळी घ्यायची आणि निदान दोन दिवस निरोध वापरायचा.

माला-एनच्या पाकिटात २१ गोळ्या हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या असतात. एक गोळी चुकली तर आठवताच घ्यायची. सलग दोन किंवा जास्त चुकल्या तर गोळ्या पुढे चालू ठेवून सात दिवस निरोध वापरायचा.

छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. समजा पहिली गोळी रविवारी घेतली, तर तीन महिने रविवार-बुधवार आणि पुढे फक्त रविवार. सात दिवसांच्या आत आठवलं तर लगेच घ्यायची आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरायचा. सात दिवस उलटले तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्यातून दोनदा.

क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन किंवा फिट्ससाठी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असेल तर हार्मोनच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. म्हणून “दुसरं कुठलं औषध चालू आहे का?” हे विचारल्याशिवाय गोळीची गोष्ट काढू नका.

आणि चूक झालीच, तर ७२ तासांच्या आत घ्यायची लेव्होनॉर्जेस्ट्रेलची तातडीची गोळी पाजणाऱ्या बाईलाही चालते. अंगावरचं दूध काढून टाकायची गरज नसते. पण ती अडीनडीला घ्यायची, दर महिन्याची सवय करायची नाही.

इंजेक्शन आणि आपली जुनी लढाई

आता इंजेक्शन. इथे बसलेल्या ज्येष्ठ मैत्रिणींना आठवत असेल, हैदराबादची स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची सहेली, चिंगारी यांनी १९८६ साली नेट-एन या इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तेव्हाच्या आंध्रातल्या पटनचेरू इथे बायकांना पुरती माहिती न देता इंजेक्शनं द्यायचा घाट घातला गेला, तिथून हे प्रकरण उभं राहिलं. पुढे १९९३ मध्ये डेपो-प्रोव्हेराला बाजारात विक्रीची परवानगी मिळाली. आणि २०१७ पासून तेच औषध ‘अंतरा’ या नावाने सरकारी कार्यक्रमात फुकट आलं.

आज काही जणी मला विचारतात, “आपण विरोध केला होता, मग आता बाईला काय सांगायचं?” माझं उत्तर असं की, सगळं सांगायचं. अंतरा तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं असतं. रोजची आठवण नको, घरात पाकीट सापडायची भीती नको. ज्या बाईला सासू-नवऱ्यापासून लपवावं लागतं, तिच्या दृष्टीने हे मोठंच आहे. पण पाजणाऱ्या बाईला ते सहा आठवड्यांच्या आत द्यायचं नाही. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना मोजतात. इंजेक्शनसाठी सव्वा नाही, पुरा दीड महिना मोजा.

तिला हेही सांगा की पाळी अनियमित होईल, मधेच डाग दिसतील, पुढे पाळी बंदही होईल. पाळी बंद झाली म्हणजे पोटात रक्त साठतं असं नाही. पण ज्या घरात अजून शिवाशिव पाळतात, तिथे महिनाभर डाग लागणं म्हणजे काय, ते आपल्याला माहीत आहे. इंजेक्शन सोडल्यावर दिवस राहायला वेळ लागतो, शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण सात ते दहा महिने. वापर चालू असेपर्यंत हाडांची घनता थोडी कमी होते, सोडल्यावर ती बहुतांशी भरून येते. आणि मुख्य म्हणजे गोळी बंद करता येते, तांबी काढता येते, पण टोचलेलं इंजेक्शन काढता येत नाही. इंजेक्शनची जागा चोळायची किंवा शेकायची नाही. पुढची तारीख कार्डावर लिहून घ्यायची. ती दोन आठवडे आधी किंवा जास्तीत जास्त चार आठवडे उशिरा चालते.

एका दवाखान्यात बाळंत झालेली एक बाई कंबर दुखते म्हणून माझ्याकडे आली होती. तपासणीत कळलं की तिला तांबी बसवलेली आहे. तिला कोणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. तांबी चांगलं साधन आहे. तिने स्वतः मागितली असती तर कदाचित आनंदाने वापरलीही असती. पण न विचारता बसवलेलं चांगलं साधनही तिच्या शरीरावर केलेली जबरदस्तीच असते. आपली लढाई हार्मोनविरुद्ध नव्हती. बाईला न विचारता, न सांगता तिच्या शरीराचा निर्णय घेण्याविरुद्ध होती, आणि ती संपलेली नाही.

म्हणून प्रत्येकीने आपल्या वस्तीत, गावात एवढं करावं. गर्भारपणाच्या सातव्या-आठव्या महिन्यातच बाईशी हा विषय काढा, म्हणजे प्रसूतीच्या कळांमध्ये तिच्याकडून कोणी हो म्हणवून घेणार नाही. ती माहेरी जाणार असेल तर तिच्या कार्डावर ठरलेलं साधन लिहून द्या. ती परत येईल त्या आठवड्यात तिच्या दारी जा. आणि कुठलंही पाकीट तिच्या हातात देण्याआधी दोन प्रश्न विचारा. बाळ किती महिन्यांचं? अंगावर पाजतेस का? उत्तरं ऐका, सगळे पर्याय तिच्यासमोर ठेवा. मग ती जे निवडेल, काहीच नको म्हणाली तर तेही, तिचं असू द्या.