टायरवरची अक्षरे

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्या गावात एक चक्कर मारून पाहा. ट्रॅक्टर, जीप, मोटार धुणे चाललेले असते, झेंडूच्या माळा ओवल्या जात असतात, आणि एखाद्या ओट्यापुढे एखादा तरुण उकिडवा बसून टायरच्या बाजूवर उठलेली अक्षरे पांढऱ्या रंगाने भरत असतो. काळ्याभोर रबरावर ती खुलून दिसतात, यात शंका नाही. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवणारी माणसे आपण. चाकांनीच काय घोडे मारले आहे?

मोटारीच्या टायरवर पांढरी अक्षरे मिरवण्याचा शौक अमेरिकेत भरभराटला. 1960 च्या दशकाच्या अखेरीस तिकडच्या दांडग्या इंजिनांच्या मोटारींवर असे टायर दिसू लागले. पण ती अक्षरे रंगवलेली नव्हेत, बरं का! टायर बनवतानाच त्याच्या बाजूत पांढऱ्या रबराचा थर घालतात. त्यावर काळ्या रबराचा पातळ पापुद्रा असतो. टायर साच्यातून निघाला की उठलेल्या अक्षरांवरचा तेवढा पापुद्रा घासून काढतात आणि आतले पांढरे रबर उघडे पडते. ते झिजेल, पण त्याचे पोपडे निघणार नाहीत.

आपण हाताने लावलेल्या रंगाचे मात्र पोपडे निघतात. का? छोट्या मोटारीचे चाक ताशी 60 किलोमीटर वेगाला सेकंदात आठ-नऊ फेरे घेते. प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू जमिनीपाशी फुगते आणि पुन्हा ताठ होते. दारे-खिडक्यांचा तेलरंग वाळून कडक होतो. असली कसरत त्याला कुठली झेपणार? शिवाय हवेतल्या ओझोन वायूपासून बचाव व्हावा म्हणून रबरात मेण आणि काही रसायने मुद्दाम घातलेली असतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. मेणावर रंग धरत नाही, आणि त्या रसायनांनी पांढऱ्याचा पिवळा होतो.

तेव्हा रंगवायचेच असेल तर रबरासाठी मिळणारा, वाळल्यावरही लवचीक राहणारा रंग घ्यावा. साबणाच्या पाण्याने आणि ब्रशाने अक्षरे घासावीत, कोरडी करावीत, मग स्पिरिटच्या फडक्याने पुसावीत. पेट्रोलने पुसू नये. त्याने रबर खराब होते. चकाकीचे पॉलिश आधी लावले असेल तर ते पुरते निघाल्यावाचून रंग बसत नाही. एकच जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्यावेत, तेही सावलीत, मधे वाळू देऊन. कृती एवढीच. घाई करणाऱ्याला ती साधत नाही, हे मी घरीच पाहिले आहे.

2024 च्या दसऱ्याची गोष्ट. माझ्या पुतण्याने नुकतीच एक जुनी मोटार घेतली होती. दुसऱ्या दिवशी मुलाबाळांना घेऊन तुळजापूरला जायचे ठरले होते. तो अक्षरे रंगवीत बसला, मी शेजारी खुर्ची टाकून बसलो. मास्तराची खोड! छापील काही दिसले की वाचल्याशिवाय राहवत नाही. 155/80 आर 13, म्हणजे टायरची रुंदी 155 मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या शेकडा 80, आणि रिमचा व्यास 13 इंच. इथवर ठीक. पुढे एका लांबट चौकटीत चार आकडे होते, 1812. पुतण्या म्हणाला, "काका, नंबर असेल काहीतरी."

नंबरच, पण जन्मतारखेचा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2012 सालच्या अठराव्या आठवड्यात तो टायर तयार झाला होता. नक्षी अजून खोल, कारण मोटार फारशी चाललीच नव्हती. विकणाऱ्याने वर काळे पॉलिश फासून टायर असा चकाकवला होता की कुणीही फसावे! ते पॉलिश साबणाने उतरल्यावर अक्षरांच्या मुळाशी केसांएवढ्या बारीक भेगा दिसू लागल्या. रबर नुसते उभे राहूनही म्हातारे होते, आणि दहा वर्षांनंतर टायर वापरू नये असे टायर बनवणारेच सांगतात. पंक्चरवाल्याने टायर उतरवून बाजू हाताने वाकवली, तेव्हा भेगांनी तोंडे उघडली. उरलेल्या तीन टायरांचे आकडे आतल्या बाजूला होते; खाली वाकून विजेरीच्या उजेडात वाचले. दोन त्याच वर्षाचे निघाले.

तुळजापूरला मंडळी एस.टी.ने गेली. पुतण्या दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. तीन टायरांचा खर्च अंगावर आला होता, आणि सणाच्या तोंडावर ही बातमी दिली होती मी!

नवे टायर बसवताना मात्र आकडे बाहेरच्या बाजूला घ्यायला त्याने स्वतःच सांगितले. अर्धी बाटली रंग उरला होता. कंपनीचे नाव त्याने तसेच काळे ठेवले आणि ते चार आकडे तेवढे पांढरे केले. आता ते थोडे पिवळट झाले आहेत, पण ओट्यावरून चष्मा न लावताही मला वाचता येतात.