राजवाड्यात दोन रात्री, आणि आज्जीचं माळवद

आज कोडिंग नाही, एआय नाही. आज सावंतवाडीच्या राजवाड्यावर बोलायचंय. आम्ही तिथे दोन रात्री राहून आलो. आम्ही म्हणजे मी, आई-पप्पा आणि आज्जी.

सोलापूरहून कोल्हापूर, आजरा, मग आंबोली घाट उतरला की सावंतवाडी. गावाच्या मधोमध मोती तलाव आणि त्याच्या काठी जांभ्या दगडाचा लाल राजवाडा. तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला, म्हणजे अठराव्या शतकातला. भोसले घराण्याने आवारातला एक भाग दुरुस्त करून तिथे बुटीक हॉटेल केलंय. खोल्या मोजक्याच. भाडं ऐकून मी आधी फोन ठेवला होता. बोनस आल्यावर परत केला. आज्जीला आकडा अजून सांगितलेला नाही, तुम्हीपण सांगू नका.

सगळीकडे गंजिफाची चित्रं. गंजिफा म्हणजे गोल पत्ते, हाताने रंगवलेले. दशावतारी संचात १२० पत्ते असतात: दहा अवतार, प्रत्येकाचे बारा. ही कला जवळजवळ संपलीच होती. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात एका म्हाताऱ्या चिताऱ्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागीर बसवले. आजही दरबार हॉलमध्ये कारागीर रंगवत बसलेले दिसतात.

पत्ता जुन्या पद्धतीने कसा करायचे, ते तिथे समजलं. कापडावर चिंचोक्याची खळ, वर खडूचा थर, मग घोटून गुळगुळीत. ‘खळ’ म्हटल्याबरोबर आज्जी पुढे सरकली. आमच्या घरी हातमाग होता, सुताला खळ लावण्यात तिची निम्मी जिंदगी गेली. अर्धा तास ती त्या कारागिराशी बोलत होती. मी फोटो काढायचंच विसरलो.

रात्री ती पलंगावर पडून छताकडे बघत होती. लाकडी तुळया. म्हणाली, “काय रे, येवढे पैशे देऊन आपल्याच घरात झोपायला आलाव व्हय?”

आता खरं सांगतो. सोलापुरात आमचा जुना वाडा आहे. पांढऱ्या मातीच्या भिंती, वर माळवद. एका बिल्डरचं पत्र आलंय, चुलत्यांच्या सह्या झाल्यात, फक्त पप्पांची राहिलीय. पाडायचा म्हणणाऱ्यांत मीच पुढे होतो. किती फ्लॅट, किती वाटा, सगळी एक्सेल शीट मीच केली. आज्जीसाठी त्यात कॉलमच नव्हता.

आणि भिंतींचं म्हणाल, तर त्या आम्हीच बिघडवल्या. मागे ओल आली म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. मातीची भिंत ओलावा घेते आणि बाहेर सोडते. सिमेंटने तो आतच कोंडला. भिंत फुगली, पोपडे पडायला लागले. म्हणून तर जुन्या इमारती नीट दुरुस्त करणारे चुना वापरतात, काही ठिकाणी त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणीही घालतात. हे मी परत आल्यावर वाचलं. आधी वाचायला काय झालं होतं, कुणास ठाऊक!

आता लगेच आमच्या वाड्याचं हॉटेल होणार, असलं काही नाही. राजवाडा तो राजवाडा. पण इटलीत एक प्रकार आहे, अल्बर्गो दिफ्फुसो, म्हणजे पसरलेलं हॉटेल. १९७६च्या भूकंपानंतर फ्रिउली भागातली ओस घरं दुरुस्त करता करता ही कल्पना निघाली. गावातल्या वेगवेगळ्या घरांत खोल्या आणि सगळ्यांना मिळून एकच रिसेप्शन. आमच्या गल्लीत असे चार-पाच वाडे अजून उभे आहेत. खालच्या खोलीत माग, वर दोन खोल्या पाहुण्यांना. सकाळी शेंगाचटणी आणि कडक भाकरी. चालेल की नाही? मला खरंच माहीत नाही. माळवदाची माती दर पावसाळ्याआधी कोण टाकणार, हा आईचा प्रश्न आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. आत्तापर्यंत ती माती तिनेच टाकलीय.

पप्पांनी सही महिनाभर थांबवलीय. चुलते माझ्याशी बोलत नाहीत. रविवारी चुन्याचं काम येणारा एक म्हातारा गवंडी वाडा बघायला येतोय. तुमच्या ओळखीत माळवद दुरुस्त करणारं कुणी असेल, तर मला मेसेज करा. सोलापूर, तुळजापूर, अक्कलकोट, कुठलंही चालेल. शीटमध्ये खर्चाचा रकाना अजून रिकामाच आहे.