दोघांकडून एकेक



बोईसरहून चिल्हारकडे निघालं की बेटेगाव लागतं. या भागातल्या एखाद्या पाड्यावर एखादं पोर सारखं हातपाय दुखतात म्हणून रडतं, डोळे पिवळे दिसतात, शाळा बुडते. आईबाप मात्र धडधाकट. मग घरातली बोटं सुनेकडे वळतात: तिच्याच माहेरचं काहीतरी आलं म्हणून! पोराला सिकलसेल हा रक्ताचा आजार असेल, तर हा आरोप साफ खोटा आहे.

हिमोग्लोबिन घडवणाऱ्या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक प्रत बिघडलेली आणि दुसरी चांगली असली, तर चांगली प्रत काम निभावून नेते. असा माणूस वाहक. तो शेतात राबतो, कारखान्यात पाळी करतो, त्याला सहसा काही जाणवतही नाही. दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या, तरच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पोर कळवळतं. म्हणजे सिकलसेलच्या पोराला एक प्रत आईनं दिलेली असते आणि एक बापानंही.

आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलनं वाटाण्यावर हेच पाहिलं. पिवळ्या आणि हिरव्या दाण्यांच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळे दाणे पिवळेच निघाले. पुढच्या पिढीत 6022 पिवळे आणि 2001 हिरवे. हिरवा रंग गेला नव्हता, नुसता झाकला होता.

नवरा-बायको दोघं वाहक असतील, तर दर बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. इथं हमखास घोटाळा होतो. ‘पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन बरी,’ असं लोक धरून चालतात. पण नाणं मागचा कौल लक्षात ठेवत नाही. प्रत्येक बाळाला तीच शक्यता नव्यानं लागू.

हा दोष आदिवासी पट्ट्यांत इतका टिकला, त्यालाही कारण आहे. वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जिथं पिढ्यान्‌पिढ्या हिवताप, तिथं वाहक तगले.

तपासणी सोपी आहे. बोटाला टोचून रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झालं, मागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की दोष आहे. पण वाहक की रुग्ण, हे या नळीतून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची तपासणी लागते, ती टाळू नका. जुलै 2023 पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे आणि आदिवासी पट्ट्यांतल्या चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी तिच्यात धरली आहे.

माझ्या मते ही तपासणी सोयरीक ठरण्याआधी व्हावी, आणि मुलाचीसुद्धा. एकजण वाहक आणि दुसरा निर्दोष असेल, तर खुशाल लग्न करा. मूल फार तर वाहक होईल. दोघंही वाहक असाल आणि लग्न झालेलं असेल, तर दिवस राहताच डॉक्टरांना सांगा. गर्भाची तपासणी करता येते, पण ती सुरुवातीच्या महिन्यांतच व्हायला हवी.