टाकी मोठी करा, पण आमचा मे महिना बघून

बाहेरगावाहून आलेले संशोधक आणि जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेडच्या शेतकरी बंधू-भगिनींनो,

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हटले की पाहुणे गालातल्या गालात हसतात. खुशाल हसा.

वीज राखून ठेवणे आम्हाला नवे नाही. पूर्णेवरच्या येलदरी धरणावर साडेसात मेगावॉटचे तीन संच आहेत. वीज किती जोराने मिळणार हे संच ठरवतात. किती वेळ मिळणार हे मागचे पाणी. आज जिच्यासाठी जमलो, त्या फ्लो बॅटरीचे गणितही असेच. दोन टाक्यांत गंधकाम्लात विरघळवलेले व्हॅनेडियम, आणि ते सेलमधून फिरवणारे पंप. तास वाढवायचे तर टाक्या नि द्रावण वाढवायचे, सेल तेच. बॅटरी भरली की एका टाकीत पिवळे द्रावण, दुसरीत जांभळे. उतरली की निळे आणि हिरवे. चीनमध्ये दालियनला २०२२मध्ये १०० मेगावॉटची, चार तास पुरणारी अशी बॅटरी सुरू झाली.

शेजारचे परळीचे औष्णिक केंद्र २०१३मध्ये पाण्यावाचून बंद ठेवावे लागले होते. टाकीतले द्रावण मात्र तेच ते फिरते, त्याला पावसाची वाट पाहावी लागत नाही. सौर कृषी वाहिनीमुळे मोटारीला दिवसा लाईट मिळू लागली. हरभऱ्याला पाणी द्यायला थंडीत रात्री शेतात जायची पाळी टळते आहे. पण दिवेलागणीला, गावाला वीज हवी असते तेव्हा, ऊन गेलेले असते. दुपारचे ऊन रात्रीपर्यंत पुरवायचे आहे.

आता यजमानाने विचारू नये असे एक विचारतो. द्रावण साधारण ४० अंशांपलीकडे तापले की भरलेल्या टाकीतल्या व्हॅनेडियमचा साका बसू लागतो, असे आपण संशोधकच लिहिता. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो याची बातमीसुद्धा होत नाही. शंभर युनिट भरून सत्तरच्या आसपास परत मिळणार, त्यातून टाकी गार ठेवायला किती जाणार? एनटीपीसीने नोव्हेंबर २०२५मध्ये ग्रेटर नोएडात ३ मेगावॉट-तासांची फ्लो बॅटरी सुरू केली. नोएडा काही महाबळेश्वर नव्हे. तिथल्या उन्हाळ्याचे आकडे जाणकारांनी या मंचावर मांडावेत.

जेवणात भाकरी ‘परभणी शक्ती’ ज्वारीची आहे, वाण आमच्या कृषी विद्यापीठाचा. ठेचा बेताने घ्या. उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करावे, अशी विनंती करतो.