वाचून शिकणारे यंत्र



अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात प्राध्यापक टॉम मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०१० मध्ये एका संगणकाला वाचायला बसवले. त्या प्रणालीचे नाव नेल. इंटरनेटवरचा मजकूर रात्रंदिवस वाचायचा आणि त्यातून जगाची माहिती वेचायची, एवढेच तिचे काम. त्याआधी, १९८४ पासून, डग्लस लेनाट यांच्या सायक प्रकल्पात माणसे अशी माहिती एकेक करून हाताने भरत होती.

शहर म्हणजे काय, याची व्याख्या नेलला कुणी सांगितली नाही. दहा-पंधरा शहरांची नावे मात्र दिली. ती नावे मजकुरात शोधताना 'अमुक शहराचे महापौर' अशी रचना तिला वारंवार दिसली. मग त्याच जागी अनोळखी नाव आले, की तेही शहरच असणार! नव्या नावांवरून नव्या रचना, नव्या रचनांवरून आणखी नावे.

पण यात घसरायला वेळ लागत नाही. ब्राउझरमध्ये साठणाऱ्या कुकीज नेलने बेकरीच्या पदार्थांत घातल्या. कुकीज डिलीट करतात, फाइलीही डिलीट करतात, तेव्हा फाइलीही बेकरीत जाऊन बसल्या. एक चूक पुढच्या दहा चुकांना जन्म देते.

यावरचा उपाय मला फार मोलाचा वाटतो. नेलला एकच गोष्ट शिकवली नाही, शेकडो एकदम शिकवल्या. जे शहर आहे ते माणूस असू शकत नाही. महापौर हा माणूसच हवा आणि तो शहराचाच हवा. अशा बंधनांमुळे प्रत्येक नव्या समजुतीला बाकीच्या समजुतींपुढे परीक्षा द्यावी लागे. एकेकटी शिकवली तर जी गोष्ट अवघड, ती शंभर गोष्टींच्या सोबतीने सोपी होते. तरीही काही चुका उरत, त्या माणसे दुरुस्त करत. २०१५ पर्यंत नेलजवळ आठ कोटींहून अधिक समजुती जमल्या होत्या. सगळ्या खऱ्या नव्हत्या, म्हणूनच कोणत्या समजुतीवर किती भरवसा ठेवायचा, याची नोंद प्रत्येकीसोबत होती.

मराठीत हे काम अधिक कठीण आहे. इंग्रजीत शहराचे नाव वाक्यात जसेच्या तसे राहते. आपल्याकडे पुणे 'पुण्याचे' होते, सातारा 'साताऱ्यात' जातो. ही रूपे एकाच गावाची आहेत, हे यंत्राला आधी उमगावे लागते, आणि त्यासाठी भरपूर चांगला मराठी मजकूर लागतो.

वाचून शिकणाऱ्या यंत्राला लिहिलेले तेवढेच कळते. आपल्या गावची नदी, तिथला बाजार, तिथली पिके यांविषयी मराठीत कुणी लिहिलेच नसेल, तर यंत्राच्या लेखी ते गाव नाहीच. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून सर्वांसाठी खुला आहे. शिक्षकांनी, ग्रंथपालांनी, निवृत्त मंडळींनी आपल्या परिसराविषयी तिथे लिहावे, तपासून लिहावे आणि माहितीचा आधार नोंदवावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.