श्वासाची राखण

देवरी वा सालेकसा तालुक्यांतील एखादी अडलेली बाळंतीण गोंदियाच्या बाई गंगाबाई महिला रुग्णालयांत आणली जाते, तेव्हां घरच्यांच्या मुखीं शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचें नांव असतें. उशाशीं उभें राहून भूल देणाऱ्याचें नांव सहसा कोणी विचारीत नाहीं. या अबोल विद्येच्या इतिहासांत एक मोलाचें प्रकरण निजामाच्या हैदराबादेंत घडलें. आजचा मराठवाडा त्या काळीं त्याच राज्याचा भाग होता.

1847 सालीं एडिंबरोच्या सिम्प्सन यांनीं क्लोरोफॉर्म प्रचारांत आणला. 1848 च्या जानेवारींत हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची इंग्रज मुलगी पायाचें नख काढतांना त्याच औषधानें दगावली. आधीं काय थांबतें, हृदय कीं श्वास, हा वाद तेव्हांपासून माजला.

हैदराबाद मेडिकल स्कूलचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे श्वासपक्षाचे. नाडीकडे लक्ष न देतां केवळ श्वासावर नजर ठेवावी, अशी त्यांची शिकवण होती. त्यांच्या 1888 च्या चौकशी-मंडळाचा निर्णय लंडनच्या ‘लॅन्सेट’ पत्रास पटेना. तेव्हां निजाम सरकारनें एक हजार पौंड देऊं केले, व 1889 सालीं डॉ. लॉडर ब्रंटन हैदराबादेस आले. शेंकडों प्राण्यांवर प्रयोग झाले. निर्णय पुन्हां लॉरींच्याच बाजूनें लागला.

लॉरींनीं आपल्या शाळेचें दार स्त्रियांसहि उघडलें होतें. 1885 सालीं तेथें दाखल झालेल्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी युवतीनें 1889 सालीं पदवी मिळविली आणि क्लोरोफॉर्म देणें हेंच आपलें जीवितकार्य मानलें. जगांतील पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांची गणना होते. हैदराबादच्या रुग्णालयांत वर्षानुवर्षें सेवा केल्यावरहि त्यांची जिज्ञासा शमली नाहीं. 1909 सालीं त्या पदार्थविज्ञान व रसायन शिकण्यास एडिंबरोस गेल्या. चादरघाट रुग्णालयाच्या अधीक्षक म्हणून 1920 सालीं त्या निवृत्त झाल्या.

पुढें 1911 सालीं गुडमन लेव्ही यांनीं मांजरांवरील प्रयोगांनीं दाखविलें कीं, गुंगी अपुरी असतां क्लोरोफॉर्मनें हृदयच एकाएकीं बंद पडूं शकतें. लॉरींचा सिद्धान्त ढासळला. नाडीकडे पाठ फिरविण्याचा त्यांचा उपदेश चुकीचा, किंबहुना घातक ठरला. परंतु गुरूचें मत खोटें ठरलें म्हणून शिष्येचें व्रत खोटें ठरत नाहीं. रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत त्याच्या श्वासावरून दृष्टि ढळूं द्यावयाची नाहीं, हा त्या शाळेंतील धडा टिकला. त्यास नाडीच्या राखणीची जोड तेवढी मिळाली.

क्लोरोफॉर्म आतां इतिहासजमा झाला आहे. श्वास, नाडी, रक्तांतील प्राणवायु हीं सारीं यंत्रें क्षणोक्षणीं दाखवितात. गोंदियास 2016 सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें. तेथील विद्यार्थी हीं यंत्रें वाचावयास शिकतील. पण यंत्रानें इशारा दिला तरी तो ऐकून धांवणारें कोणी उशाशीं असावेंच लागतें. शुद्ध हरपलेल्या माणसाचा जीव त्या वेळीं दुसऱ्याच्या जागेपणावर तगून असतो.