10 रुपयांचा केसपेपर



यंदा मेळावा तळमजल्यावर घेतला, कारण बाईंना जिना चढवत नाही. खरं तर आपल्यातल्या निम्म्यांनाही चढवत नाही. म्हणून गुडघ्यांबद्दलच बोलते.

माझे गुडघे झिजलेत असं कळलं, तेव्हा खासगीतली फी ऐकूनच मी मागे फिरले. मग मानखुर्दहून कुर्ल्याला गाडी बदलून शीवला, महापालिकेच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात गेले. 10 रुपयांचा केसपेपर काढला. हाडांच्या डॉक्टरांनी फिजिओथेरपीसाठी चिठ्ठी दिली. ही विद्या पालिकेच्या घरचीच. देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा 1953 साली परळच्या केईएममध्ये निघाली.

तिथे शिकवलं ते साधंच. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती दाबा, 5 अंक मोजा, सोडा. असं 10 वेळा. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. झीज भरून येत नाही, पण जिना चढता येतो.

खरी किंमत वेळेची. रांगेत दिवस बुडतो, म्हणून हातावर पोट असलेले गोळ्यांवरच भागवतात. पण तिथे रोज जायचं नसतं. व्यायाम नीट शिकून घ्यायचा, घरी रोज करायचा आणि बोलावतील तेव्हा दाखवून यायचं.

येत्या सोमवारी मी जाणार आहे. सकाळी 7 वाजता मानखुर्द स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी भेटा. बाई, तुमच्यासाठी टॅक्सी सांगून ठेवली आहे.